बाहेरची कडी

४ नोव्हेंबर, मंगळवार

किल्ल्या परत दिल्या. जुडगा टेबलावर ठेवला, तर नव्या साहेबांनी तो उचलून बाजूला सरकवला. चहाचा कप ठेवायला जागा हवी होती म्हणून. इतकाच सोहळा!

गावातला तुरुंग आता नगरपालिकेच्या ताब्यात. वर्षभर नुसती चर्चा चालली होती, मला वाटलं चर्चाच राहील. पण खरंच झालं. आम्हा पहारेकऱ्यांपैकी निम्मे भिंतीच्या आत राहणार, निम्मे बाहेर. मी बाहेर. आता मी पहारेकरी नाही, 'सोबती'. ज्याची वागणूक चांगली आहे आणि शेवटचं वर्ष उरलंय, त्या कैद्याने ते वर्ष बाहेर काढायचं – पालिकेच्या खोलीत राहायचं, पालिकेने दिलेलं काम करायचं. आणि आम्ही त्याच्या सोबत. सोबत म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी धड सांगितलं नाही.

पुनर्वसनाच्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, लक्ष ठेवायचं पण पाळत ठेवायची नाही. मी हात वर करून फरक विचारला. म्हणाल्या, हळूहळू कळेल. शिवाय सगळ्यांना 'अहो' म्हणायचं. आणि रोज चार ओळी लिहायच्या, कुणाला दाखवायच्या नाहीत – डोकं हलकं होतं म्हणे. लिहिल्या. डोकं अजून जडच आहे.

घरी हिला सांगितलं, मी आता सोबती. ही म्हणाली, "बरं झालं. निदान जगाचे तरी व्हा."

५ नोव्हेंबर, बुधवार

कमरेकडे हात जातो. तिथे काही नाही. दिवसभर पँट घसरतेय असं वाटत राहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

माझा माणूस मिळाला. शिंपी! आत सगळे त्याला शिंपीच म्हणायचे, शिवणखात्यात होता म्हणून. नऊ वर्षं आत. भावाच्या भांडणात मध्ये पडला, हातातला गज समोरच्याच्या डोक्यात बसला, माणूस गेला. आत त्याने कधी आवाज चढवला नाही. इतका गप्प, की मोजणीच्या वेळी एखाद्या दिवशी राहून जायचा आणि आम्ही परत पहिल्यापासून मोजायचो.

खोली मंडईच्या मागे. पालिकेचं जुनं गोदाम होतं, त्याच्या कडेच्या दोन खोल्या साफ करून रंगवल्यात. दुसरी अजून रिकामीच आहे. आत पलंग, टेबल, शेगडी, कोपऱ्यात मोरी आणि नळ. वर छताजवळ उजेडापुरता झरोका. दाराला बाहेरून जाडजूड कडी – गोदामच होतं, आतून कडी कोण लावणार? बटाटे?

मी कुलूप आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्याने ती तळहातावर तशीच धरून ठेवली, कुणी परत मागेल म्हणून थांबल्यासारखी. मी म्हटलं, ठेव. मग आठवलं. म्हटलं, ठेवा.

आपली ही 'अहो'ची गाडी काही रुळावर येत नाही. "अहो शिंपी, अरे इकडे या" असं काहीतरी तोंडातून निघालं. तोही गोंधळला, मीही.

निघताना त्याने एकच विचारलं – साहेब, आतून कडी बसेल का? मी हसलो. तुमच्याकडून कोण काय चोरून नेणार? तोही हसला. बघतो म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

शिंपी कामाला लागला. पालिकेच्या रुग्णालयात चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे शिवायचे आणि दुरुस्त करायचे. तिथल्या मुख्य बाई कडक आहेत. त्याची पहिली शिवण उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि म्हणाल्या, सोमवारपासून वेळेवर या. म्हणजे पसंत.

संध्याकाळी त्याला साबण घ्यायला दुकानात नेलं. साबणांच्या फळीपुढे तो उभाच राहिला. एक उचलायचा, वास घ्यायचा, ठेवायचा. मागे गर्दी व्हायला लागली. मीच एक उचलून दिला, चला म्हटलं.

मॅडमना सहज सांगितलं तर चेहरा पडला त्यांचा. म्हणाल्या, निवड त्यांना करू द्यायची ना! म्हटलं, दुकानदार बंद करून घरी गेला असता. त्या म्हणाल्या, जाऊ द्यायचा. आता मला सांगा, मदत करायची का नाही? करायची, पण करायची नाही. हे असलं सरकारी गणित मला सुटत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गुडघा ठणकतोय. बाकी काही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज शिंप्याने चहा केला. कैद्याच्या हातचा चहा मी उभ्या नोकरीत कधी घेतला नव्हता. नियमच होता. कप तोंडाजवळ नेला आणि थांबलो. त्याच्या लक्षात आलं. त्याने आपला कप आधी तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईने प्यायलो, जीभ भाजली.

नंतर बराच वेळ बसलो. तो अभ्रा शिवत होता, हाताने. मी म्हटलं, तिथे मशीन आहे ना? म्हणाला, हे घरचं काम आहे. 'घरचं' म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

जुनी सवय. खोलीत शिरलो की आधी कोपरे बघतो, मग गादीचा काठ. तो उठून उभा राहतो. मी म्हणतो बसा, तो बसत नाही. मग मीच बसतो. मग तो बसतो. दोघांनाही माहीत आहे की हे बंद व्हायला हवं, पण आधी कुणी बंद करायचं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पालिकेची सभा. मॅडमनी बोलावलं म्हणून मागच्या बाकावर बसलो. विरोधी नगरसेवक – सगळं गाव त्याला भोंगा म्हणतं, आणि माइक न घेता बोलतो म्हणून बरोबरच म्हणतं – उभा राहिला. गुन्हेगारांना खोल्या, गुन्हेगारांना नोकऱ्या, आणि आमच्या पोरांनी काय करायचं? एक माणूस जरी पळाला तरी ही योजना त्याच दिवशी बंद करायची, असं त्याने लिहून घेतलं. दोन दिवस न कळवता कामावर गैरहजर म्हणजे पळालाच समजायचं, हेही त्यात आलं. पळालेला सापडला की उरलेलं वर्ष आत, आणि वर आणखी शिक्षा.

मॅडम म्हणाल्या, आत अजून चौदा जण या रांगेत आहेत. आज आपण एकाला नीट उभं केलं नाही, तर ते चौदा जण शिक्षा संपवून एक दिवस तसेच रस्त्यावर येणार आहेत – ना खोली, ना काम. तेव्हा गावाला जास्त भीती असेल का आज?

मला मॅडमचं पटलं. त्याआधी भोंग्याचंही पटलं होतं. हाच माझा घोळ आहे. जो शेवटी बोलतो तो मला बरोबर वाटतो. आणि शिंप्याला यातलं काहीच माहीत नाही. तो बिचारा काठ दुमडत बसलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन आला दुपारी. जावयाला दुसरीकडे चांगली जागा मिळतेय, पण लांब. जाऊ का नको? मला काय विचारतेस म्हटलं, आणि मग तासभर बोललो.

संध्याकाळी शिंप्याकडे उभ्या उभ्या गेलो. डोक्यात लेकीचाच विषय. त्याने पाव आणि केळी आणून ठेवली होती, दोन-तीन दिवसांची. म्हटलं शाब्बास, स्वतः घेतली का? हो म्हणाला. कुणी धक्का नाही दिला? नाही म्हणाला. जरा हसला. उद्या वेळेवर जा म्हटलं आणि निघालो.

लेकीने जावं असं मला वाटतं. जाऊ नये असंही वाटतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शिंपी कामावर गेला नाही!

दुपारी रुग्णालयातून बाईंचा फोन. म्हणाल्या, सकाळपासून वाट बघतेय, तुमचा माणूस कुठे आहे? फोन त्याच्याकडे नाही – पालिकेचा फोन मंजूर आहे, मिळायचा आहे. तसाच निघालो. आधी बसस्थानक. मग नदीकडचा रस्ता. मग तुरुंगाचं फाटक, कारण काही जण परत तिथेच येऊन बसतात, मी पाहिलंय. कुठेच नाही. शेवटी मंडईमागच्या गल्लीत शिरलो आणि लांबूनच दिसलं – दाराला बाहेरून कडी. नुसती कडी, कुलूप नाही. पहारेकऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. खोली रिकामी. आणि कुलूपसुद्धा लावलं नाही म्हणजे परत यायचं नाही, हे ठरवूनच गेला.

मला राग आला. इतका आला की स्वतःचंच नवल वाटलं. कैदी पळाले तेव्हा असा राग कधी आला नव्हता, तेव्हा नुसती धावपळ व्हायची. हा राग वेगळा. चहा पाजला, घरचं काम म्हणाला, आणि गेला.

मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत थांबू.

हिला सांगितलं. हिने विचारलं, "आत जाऊन बघितलंत?" म्हटलं, बाहेरून कडी होती, आत कोण असणार? ही माझ्याकडे बघत राहिली, मग उठून आत गेली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज चार ओळींत भागणार नाही.

दुपारी मॅडम म्हणाल्या, दुसरा दिवस झाला, मला आता तुरुंगाला कळवावं लागेल. भोंग्याला कुठून कळलं कोण जाणे, तो दारात येऊन उभा होता. मॅडमनी मला पाठवलं, खोलीतलं सामान मोजून ताब्यात घ्या म्हणून. गेलो. कडी सरकवली. दार ढकललं.

शिंपी आत उभा होता.

पलंगाच्या पायथ्याशी, पाय जुळवून. अंथरुणाची चौकोनी घडी, वर उशी, बाजूला भांडं – झडतीला ठेवतात तसं सगळं. कुलूप खिळ्याला लटकत होतं. केळ्यांची सालं कागदात बांधून कोपऱ्यात. अभ्रा शिवून संपला होता, त्याची शिवण उसवून परत घातलेली दिसत होती.

मी विचारलं, तू... तुम्ही कुठे होता?

"इथेच," तो म्हणाला. "परवा तुम्ही जाताना कडी लावलीत. मला वाटलं काही नियम असेल."

मी जमिनीवरच बसलो. खुर्ची होती, पण बसलो जमिनीवर. तो घाबरला, पाणी घेऊन आला. मी म्हटलं, ओरडायचं ना! बाहेर मंडई आहे, माणसं आहेत, दार वाजवायचं! तो म्हणाला, ओरडून काय होतं साहेब? इतकं साधं म्हणाला, जणू मी विचारलं होतं की उन्हात का नाही बसलात.

मी कडी लावली. मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही! शाब्बास म्हटलेलं आठवतं, केळी आठवतात, लेकीचं बोलणं आठवतं. पुढचं आठवतं ते थेट घराचं दार.

मॅडमकडे नेलं त्याला. वाटेत तो हळूच म्हणाला, ताप होता असं सांगतो. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मॅडमनी विचारलं आणि त्याने सांगितलं – ताप आला होता, पडून होतो, शुद्ध नव्हती. मी शेजारी उभा. तोंड उघडलं नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, मग काल तुम्ही खोलीत बघितलं नाहीत? मी म्हटलं, चूक झाली.

ते खरं होतं. पण कुठली चूक, ते सांगितलं नाही.

शुक्रवारी हे प्रकरण पालिकेच्या समितीपुढे. भोंगा म्हणतो, ताप असो की काही, दोन दिवस न कळवता म्हणजे न कळवता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिलवानाला गाठलं. आम्ही दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच फाटकावर उभे राहिलो, आता तोही सोबती झालाय. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, गप्प बस. तुझी निवृत्ती आली तोंडावर. माणूस कोंडून ठेवला म्हणून लिहिलं गेलं तर हातात काय पडेल? तो शिंपी स्वतः ताप म्हणतोय ना? मग तू डॉक्टर कशाला होतोस?

हेही पटलं. म्हटलं ना, शेवटी बोलेल त्याचं पटतं.

आणि कडी मीच लावली कशावरून? मंडईतले हमाल येतात-जातात, गोदामाचं दार उघडं दिसलं म्हणून एखाद्याने ओढून घेतलं असेल. असं दिवसभर स्वतःला समजावलं. जवळजवळ पटलंही.

संध्याकाळी शिंप्याकडे गेलो. मॅडमनी बजावलंय, शुक्रवारपर्यंत कामावर नियमित जाऊ द्या, तेवढं विचारलं. जातोय म्हणाला. निघालो, दार ओढून घेतलं, तेवढ्यात आतून आवाज –

"साहेब, कडी."

बघतो तर माझा हात कडीवर! अर्धी सरकवली होती. मी स्वतःच्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिलो. हमाल कसले? हाच तो हात.

काढली. दोन्ही हात खिशात घालून घरी आलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवलो नाही. ही म्हणाली, पोट बिघडलंय का? म्हटलं, हो.

सांगितलं तर माझं जाईल. नाही सांगितलं तर तो आत जाईल, आणि त्याच्यामागचे चौदा आतच राहतील. हिशोब सरळ आहे. मग मला हे इतकं अवघड का वाटतंय?

आणि दुसरी गोष्ट डोकं पोखरते. तो माझ्यासाठी खोटं का बोलला? मला वाचवायला? का मला घाबरून? नऊ वर्षं ज्याच्या कमरेला किल्ल्या होत्या, त्याच्याविरुद्ध बोलायचं नसतं हे त्याच्या हाडात मुरलंय म्हणून? चांगुलपणा असेल तर मी त्याचा ऋणी. भीती असेल तर ती मीच तिथे घातली. बघून दोन्ही सारखंच दिसतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप लागायची नाही.

समितीच्या खोलीत लांब टेबल, मधोमध सभापतीबाई. त्या आधी पालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. निम्मं गाव त्यांच्या हातात रडलंय, त्यामुळे कुणाला भीत नाहीत. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला भोंगा. आम्ही सोबती भिंतीला लागून उभे. शिंपी मध्ये, खुर्ची दिली होती तरी उभा.

भोंग्याने सुरुवात केली. ताप होता तर डॉक्टरांचा कागद? नाही. शेजारी? नाही. रुग्णालयातच काम करणारा माणूस तापाने फणफणतो आणि रुग्णालयाला कळत नाही! म्हणाला, हा दोन दिवस कुठेतरी जाऊन आलाय, आणि तो खोलीतच होता असं सांगून सोबती त्याला पाठीशी घालतोय. शिंप्याला विचारलं, ताप होता? हो म्हणाला. किती होता? शिंपी म्हणाला, बराच. खोटं बोलायचीही सवय नाही त्याला.

सभापतीबाई म्हणाल्या, नियम नियम आहे. मला वाईट वाटतं, पण –

मी पुढे झालो. ठरवून नाही. पाय गेले. म्हटलं, ताप नव्हता. मी त्याला बाहेरून कोंडलं होतं.

मग भोंगा हसला. म्हणाला, वा! आता हे नवीन. म्हटलं, नवीन नाही, जुनंच आहे. उभ्या नोकरीत कोठडीतून बाहेर पडताना कडी लावली, रविवारी खोलीतून बाहेर पडताना लावली. हाताने लावली, मला विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तीच कडी बघून मीच कळवलं, की माणूस पळाला.

भोंगा म्हणाला, मानलं. पण आतला माणूस दोन दिवस ओरडत नाही? दार वाजवत नाही? कोण विश्वास ठेवेल?

सभापतीबाईंनी शिंप्याला विचारलं, खरं काय? त्याने माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागतात तसं. सगळ्यांनी ते बघितलं, आणि मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, माझ्याकडे नका बघू. तुम्ही सांगा, काय असेल ते.

त्याने नजर माझ्यावरून काढून टेबलाकडे वळवली. मग म्हणाला, "दार लावणारे लावतात, उघडणारे उघडतात. ते माझं काम नाही असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं की ओरडावं. पण तोपर्यंत उशीर झाला होता, का नाही ओरडलास म्हणून विचारतील असं वाटलं."

सभापतीबाईंनी चष्मा काढला. मग भिंतीजवळच्या सोबत्यांकडे वळून विचारलं, तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय? खरं सांगा, आज कुणाला शिक्षा नाही.

सगळे बुटांकडे बघायला लागले. मग पहिलवान – मला गप्प बस म्हणणारा! – खाकरला. म्हणाला, मी सासूबाईंना कोंडलं होतं. संध्याकाळपर्यंत. घरात अजून सगळ्यांना वाटतं मुद्दाम केलं.

हशा झाला. सभापतीबाईसुद्धा हसल्या. मग आणखी एकाने सांगितलं, त्याने आपल्या पोराला परीक्षेच्या दिवशी. मग तिसऱ्याने. भोंगा इकडेतिकडे बघत राहिला, म्हणाला, अहो पण हा काय प्रकार आहे? मॅडम म्हणाल्या, हाच तो प्रकार आहे. आपण एका बाजूच्या माणसांची सुटका केली, दुसऱ्या बाजूच्यांची नाही.

शेवटी ठरलं ते असं. शिंपी बाहेरच राहणार, गैरहजेरी धरायची नाही. पालिकेच्या सगळ्या खोल्यांच्या बाहेरच्या कड्या काढायच्या, आतून बसवायच्या. फोन याच आठवड्यात. सोबत्याने दार वाजवायचं आणि आतून बोलावणं आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. योजना चालू. भोंग्याने मताला हात वर केला नाही, पण टेबलावरही आपटला नाही. माझ्याबद्दल वेगळं बघू, असं सभापतीबाई म्हणाल्या. बघा म्हटलं.

बाहेर आल्यावर शिंपी म्हणाला, साहेब, तुमचं नुकसान झालं. मी त्याला झापलं. का झापलं, माहीत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

पालिकेचा सुतार आला. बाहेरची कडी निघता निघेना, गंजून बसली होती. पटाशीने उपटली, तिच्याबरोबर लाकडाचा टवकाही निघाला. आतून नवी बसवली, लहानशी. शिंप्याने मला बाहेर उभं केलं आणि लावून पाहिली. उघडली. परत लावली. परत उघडली. सुतार म्हणाला, झिजेल हो!

मग मी दार वाजवलं. आतून आवाज आला, कोण? मी सांगितलं. म्हणाला, थांबा जरा. मी थांबलो. आत काहीतरी आवरण्याचा आवाज येत होता. चांगला वेळ लावला त्याने. उभ्या आयुष्यात मी कैद्याच्या दारात वाट बघत कधी उभा राहिलो नव्हतो. गुडघा दुखत होता, आणि मला हसू येत होतं.

चहा घेताना विचारलं एकदाचं. ताप होता म्हणालात, ते माझ्यासाठी का मला घाबरून? त्याने विचार केला. "दोन्ही असेल," म्हणाला. "मलाही नीट कळत नाही."

चला, मी एकटाच नाही. यावेळी मी उठलो तेव्हा तो बसूनच राहिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हिला पहिलवानाच्या सासूबाईंचा किस्सा रंगवून सांगितला. हसली नाही, भांडी पुसत राहिली. म्हटलं, मला एकच कळत नाही, माणूस ओरडत कसा नाही? तू असतीस तर ओरडली असतीस ना?

"पहिल्यांदा ओरडले होते," ही म्हणाली. "लेक सासरी गेली त्या वर्षी. आता शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय. तुम्ही कामावर गेलात की त्या येऊन कडी काढतात."